शुभेच्छा लिहिणारा हात

दादाच्या छातीत पीठ बसलं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा दादा हसला. "इतकी वर्षं मी पिठात बसलोय, थोडं ते माझ्यात बसलं तर काय बिघडलं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला एक नळी दिली होती. तिच्यात जोरात फुंकलं की काटा वर सरकायचा आणि तिथेच थांबायचा. कामावरून आल्यावर फुंकायचं, सुटीच्या दिवशीही फुंकायचं आणि दोन्ही आकडे टिपून ठेवायचे. ते मीच टिपले होते, कारण दादाने टिपले असते तर डॉक्टरीणबाईंना वाचता आले नसते. सुटीच्या दिवशी काटा वर जात होता, कामाच्या दिवशी खाली येत होता. इतकं स्वच्छ उत्तर मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत क्वचितच मिळालं होतं.

"भट्टीखाना सोडावा लागेल," त्या म्हणाल्या. "औषध मी देते, पण पिठात उभं राहून घेतलंत तर ते फुकट जाणार."

दादा शाळा सुटल्यापासून त्या एकाच बेकरीत होता. मैदा मळणं, गोळे तोडणं, लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव आत सारणं आणि बाहेर काढणं, एवढं त्याचं जग. पावाच्या बुडावर बोटाने टिचकी मारून तो भाजला की नाही हे सांगायचा. दुसरं काही करावं असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

बेकरीच्या मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, पण गोड बोलण्यात वेळ घालवत नसत.

"पीठ नसलेली खोली माझ्याकडे एकच," त्या म्हणाल्या. "काचेची. तिथल्या बाई आता लेकीकडे राहायला चालल्यात. त्यांच्या जागी केकवर लिहायला येत असेल, तर ये. त्या जायच्या दिवशी मी परीक्षा घेईन. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणते. तुझ्यासाठी वाढीव जागा काढायला माझं दुकान रबराचं नाही."

तोपर्यंत त्यांनी त्याला बंद खोकी गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम दिलं. दादाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"लिहायचं? तू?"

"मीच."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे, आणि मग तिघंही हसत सुटलो. हसण्याचा भर ओसरल्यावर दादाच आधी गप्प झाला. "दुसरीकडे मी काय करणार गं?" तो म्हणाला. "मला पावाशिवाय काय येतं?"

दादाचं अक्षर म्हणजे आमच्या घरातला जुना विनोद. कोंबडीचे पाय, वादळात सापडलेल्या मुंग्या, जे सुचेल ते आम्ही म्हणायचो. सही म्हणून तो तीन उंचवटे काढायचा, आणि तेही दर वेळी वेगळे. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच प्रश्न पडला की हे असं का आहे. मी नुकतीच शरीरशास्त्राची पदवी घेतली होती. पुढे मज्जासंस्थेवर शिकायचं होतं, प्रवेशाच्या उत्तराची वाट बघत घरी होते आणि हाताशी वेळच वेळ होता.

मी त्याला कागद दिला आणि त्याचा हात मोबाईलवर चित्रित केला. नंतर ते चित्रण संथ गतीने पाहिलं.

लहान मूल अक्षर शिकतं तेव्हा ते आधी चित्र काढत असतं. डोळा पुढे चालतो, हात त्याच्या मागे. थोडं सरकायचं, बघायचं, पुन्हा सरकायचं. सराव झाला की हाताला पुढचं वळण आधीच ठाऊक होतं. मग एका रेघेत वेग एकदाच वाढतो आणि एकदाच उतरतो, झोका गेला आणि आला तसा. पुढे आख्खं अक्षरच एक हालचाल होतं, मग शब्द. डोळा मोकळा होतो आणि डोकं काय लिहायचं याचा विचार करू शकतं. दादाचा हात या वाटेवर फार मागेच थांबला होता. 'ल'च्या एका गाठीत तो इतक्या वेळा थबकत होता की संथ चित्रणात ती गाठ जिना चढल्यासारखी दिसत होती.

"पहिलीत तुला अक्षराला शाबासकी मिळायची ना?" मी विचारलं. आई हे नेहमी सांगायची आणि आमचा विश्वास बसायचा नाही.

"मिळायची. पुस्तकात छापल्यासारखं काढायचो. मग श्रुतलेखन सुरू झालं आणि सगळं बोंबललं. बाई पुढच्या वाक्यावर, मी मागच्या शब्दावर."

म्हणजे तो अक्षर सुंदर काढायला शिकला होता, लिहायला नाही. ते किती सुंदर आहे हे त्याच्या शिक्षिकेने पाहिलं होतं. त्याला किती वेळ लागतो हे कुणी पाहिलं नव्हतं. मग घाई आली आणि चित्रंही मोडली.

निदान झालं म्हणून मी खूश होते. दुरेघी वह्या आणल्या, उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल, गाठी असा क्रम ठरवला आणि रोज दुपारी त्याला बसवलं. "नीट बघ. इथून सुरू कर, इथे वळ." दादा घाम गाळत वळायचा. काही दिवसांनी मी पुन्हा चित्रण केलं. अक्षर सुधारलं होतं आणि वेग आणखी कमी झाला होता. बघ बघ म्हणत मी त्याच्या पहिलीच्या वर्गाचीच उजळणी घेतली होती.

"प्रोफेसरीणबाई," दादा म्हणाला, "या वेगाने पहिला केक लिहून होईपर्यंत ते पोर म्हातारं होईल."

म्हणून आम्ही काचेच्या खोलीत गेलो.

बेकरीतले सगळे त्या बाईंना अक्षरबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई. खोली भट्टीखान्याला लागून होती, पण दार दुहेरी होतं, कारण मलईवर पीठ उडालेलं चालत नाही. आत गार हवा, मधोमध गुळगुळीत दगडी ओटा, भिंतीला लागून कपाटं. केकवरची फुलं आणि कडा सकाळी दोघीजणी येऊन करून जात. अक्षरं फक्त बाई लिहायच्या. बटर पेपरच्या छोट्या कोनात पातळ चॉकलेट भरून, टोक कात्रीने जरासं उडवून.

पहिली गोष्ट मला दिसली ती ही, की कोनाचं टोक केकला टेकतच नव्हतं. बाई ते वर अधांतरी धरायच्या. चॉकलेटचा धागा खाली उतरायचा आणि त्या तो नुसता अंथरत जायच्या. हात हळू चालला तर धागा साचून त्याची गोळी होते, फार जोरात चालला तर तुटतो. म्हणजे थबकणाऱ्या हाताची इथे सोयच नव्हती. कागदावरचं थबकणं सहज दिसत नाही. इथे प्रत्येक थबकण्याचा गोळा होणार होता.

"हा भट्टीवाला काय?" बाई म्हणाल्या. "बोटं बघ याची, रताळी. दाखव काय येतं."

दादाने ओट्यावर 'वाढदिवसाच्या' लिहिलं. खरं तर गोळ्यांची रांग घातली.

"ही काय, मण्यांची माळ?" बाईंनी पातळ सुरीने ते सगळं एका झटक्यात खरवडून पुन्हा भांड्यात टाकलं. "अरे, अक्षर काढू नकोस. लिही. आणि ओट्याकडे बघू नकोस. तिच्याकडे बघ."

तिच्याकडे म्हणजे माझ्याकडे. दादाने माझ्याकडे पाहत हात हलवला. जे उमटलं ते वाचता येण्यासारखं नव्हतं, पण गोळे निम्म्याने कमी झाले होते. मी वाकून पाहिलं. मग त्याला डोळे मिटून लिहायला सांगितलं. गोळे आणखी कमी झाले.

"बघणं बंद केलं की दुरुस्त्या करणं बंद होतं," मी म्हणाले. "थबकतो तो प्रत्येक दुरुस्तीसाठी."

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "डोळे मिटून मी कधी शिकवलं नाही. चांगलं आहे. रोज थोडं ते करू." आणि दादाला म्हणाल्या, "तुझी बहीण उगाच शिकलेली नाही."

"तसं घरी सांगा," दादा म्हणाला. "भांडी मीच घासतो."

त्यानंतरच्या दुपारी सगळ्या सारख्याच होत्या. खोकी पोचवून झाली की दादा हात धुऊन यायचा, कपडे बदलायचा आणि ओट्यासमोर उभा राहायचा. बाईंनी त्याला सुटी अक्षरं कधी दिलीच नाहीत. पहिल्यापासून आख्खं वाक्य, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि तेही ओटाभर मोठं. हात खांद्यातून हलवायचा, मनगट सैल. डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात. लिहून झालं की खरवडायचं. ओट्यावर काही उरायचं नाही, त्यामुळे चांगलं आलेलं जपायची आणि वाईट आलेलं झाकायची सोय नव्हती. हळूहळू वाक्य लहान करत करत केकच्या मापाचं झालं. दादा म्हणाला, मोठ्या फावड्याने शिकून मग चमच्यावर यायचं, तसं आहे हे.

मी नोंदी ठेवत होते. सुरुवातीला सुधारणा भराभर झाली, मग थांबली. बरेच दिवस काहीच हललं नाही. दादा चिडचिडा झाला. एका दुपारी त्याने कोन आपटला.

"नाही जमणार मला. आणि तो जाड्या तिकडे माझं फावडं वापरतोय! विचारलंसुद्धा नाही. माझ्या फावड्याचा दांडा मी स्वतः घासून केलाय, आणि तो त्याने भट्टीची राख ओढतो, राख!"

जाड्या म्हणजे भट्टीवर दादाच्या जागी आलेला माणूस.

"असं? मग?" बाई म्हणाल्या आणि नवीन कोन त्याच्या हातात दिला. "सांग की. लिहिता लिहिता सांग."

"मग काय, मी त्याला म्हटलं, राखेला लोखंडी आहे ना कोपऱ्यात. तर म्हणतो कसा, तुला आता काय करायचंय फावडं, तू तर मेहंदी काढायला चाललास!" दादा तावातावाने बोलत होता आणि हात चालला होता. वाक्य पूर्ण झालं. डोक्यावरची रेघ सरळ गेली. दादाने खाली पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

अक्षरं देखणी नव्हती. पण ती एका हाताची होती, एका तिरकेपणाची, आणि त्यांत गोळा नव्हता. प्रयोगशाळेत हात मुरला की नाही हे तपासायला त्याच वेळी डोक्याला दुसरं काम देतात. आकडे उलटे मोजायला लावतात, असलं काहीतरी. इथे ते काम जाड्याने केलं.

त्यानंतर दादाचा हात स्वतःहून लिहू लागला, आणि ओट्यापुरतंच नाही. जेवताना त्याचं बोट टेबलावर फिरायचं. आई ओरडायची, "शुभेच्छा नंतर दे, आधी जेव." बसमध्ये गुडघ्यावर, दार उघडेपर्यंत दारावर. मी कधी कधी बोटाकडे बघून ओळखायचे, कुठल्या शब्दावर आलाय ते.

आणखी एक गोष्ट बाईंनी शिकवली. तिला मी तेव्हा फार महत्त्व दिलं नाही. प्रत्येक केकखाली मागणीची चिठ्ठी खोचलेली असायची. ती चिठ्ठी बाई स्वतः कधीच वाचत नसत. काउंटरवरची मुलगी यायची, चिठ्ठी मोठ्याने वाचायची, बाई ते मोठ्याने परत म्हणायच्या आणि मग लिहायच्या. लिहून झालं की ती मुलगी आधी केक वाचायची आणि मग चिठ्ठी. हा क्रम मोडायचा नाही.

"आधी चिठ्ठी वाचली की केकवर पण तेच दिसतं," बाई म्हणाल्या. "मग तिथे काहीही लिहिलेलं असो. आणि लिहिणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. आपलंच लेकरू, सगळ्यांना शेंबडं दिसतं, आपल्याला गोरंगोमटं."

सरावाच्या दिवसांत वाचणारी मी होते.

बाईंचा शेवटचा दिवस आला. मालकीणबाई दुपारीच काचेच्या खोलीत आल्या. ओट्यावर केक ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी.

"सगळेजण बाहेर," त्या म्हणाल्या. "बाई, तुम्हीसुद्धा. आणि ही पण," म्हणजे मी. "त्याचं त्याला करू दे. उद्यापासून एकट्यालाच करायचंय."

आम्ही काचेबाहेर उभ्या राहिलो. काउंटरवरची मुलगीही येऊन थांबली.

दादाने पहिली चिठ्ठी ओढली, वाचली, कोन उचलला. हात चालू लागला. काचेतून मला त्याचं मनगट दिसत होतं, सैल. पहिला केक झाला, दुसरा झाला. वाक्य सगळ्यांवर एकच, खाली नाव वेगळं. नावाशी आला की तो जरा सावकाश व्हायचा, चिठ्ठीकडे एक नजर टाकायचा, मग पुढे. वाक्यासाठी मात्र त्याला बघावं लागत नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी देत होते. मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण त्या घड्याळाकडेही पाहत नव्हत्या.

शेवटचा केक इतरांपेक्षा मोठा होता, पांढरा, कडेला गुलाबी फुलं. दादाने चिठ्ठी वाचली. वाचून त्याने काचेतून बाईंकडे पाहिलं आणि हसला. मला वाटतं तिथेच ते झालं. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून त्याने कोन उचलला आणि एका सुरेख, अखंड हालचालीत लिहिलं, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. मग सावकाश झाला, चिठ्ठीकडे एक नजर टाकली आणि खाली लिहिलं, 'बाई'.

त्याने कोन खाली ठेवला आणि दार उघडलं. "झालं," तो म्हणाला. काय झालं हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

बाई आत गेल्या. केकवर वाकल्या. मग त्यांनी ओट्याला हात टेकला आणि हसायला सुरुवात केली. हसता हसता स्टुलावर बसल्या.

"अरे भट्टीवाल्या," त्या म्हणाल्या, "माझा वाढदिवस होऊन गेला की रे!"

दादाने चिठ्ठी पुन्हा उचलली. तिच्यावर मालकीणबाईंच्या हातचं होतं, 'बाई, पुन्हा या'. त्याने केककडे पाहिलं. आता त्याला तो दिसला. चेहऱ्यावरचा रंग आधी गेला, मग कानांत परत आला.

"निरोपाचा केक," मालकीणबाई म्हणाल्या. "मुद्दाम शेवटी ठेवला होता. वाटलंच होतं मला. हा गिऱ्हाइकाचा असता तर? कुणाच्या लग्नाचा असता तर?"

"गिऱ्हाइकाचा असता तर वाचणारीने दारातच धरला असता," बाई म्हणाल्या. त्यांचं हसणं थांबलं होतं. "वाचणारी तुम्ही बाहेर ठेवलीत."

"तुम्ही एकट्याच लिहीत आलात ना?"

"एक दिवससुद्धा नाही. या पोरीला विचारा." काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. "मी या खोलीत आले तेव्हा मीच एका लग्नाच्या केकवर वाढदिवस लिहिला होता. तुमच्या सासूबाईंनी मला हाकललं नाही, वाचायला माणूस दिला. ही चूक सगळ्यांच्या वाट्याला नाही येत बरं का, मालकीणबाई. ज्याला येत नाही तो 'वा' चुकेल, 'ढ' चुकेल, माळ ओवत बसेल. आख्खं चुकीचं वाक्य इतकं सरळ लिहायला हात तयार लागतो."

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "काय गं, तू शिकलेली. हे खरं, की त्याची बाजू घेतायत?"

"खरं आहे," मी म्हणाले. माझा भाऊ समोर कानापर्यंत लाल होऊन उभा होता, पण उत्तर तेवढंच होतं. "हात सुरू झाला की ठरलेलं वाक्य आपलं आपण पूर्ण होतं. रोजच्या रस्त्याने जाताना दुसरीकडे वळायचं राहून जातं ना, तसं. नाव दर वेळी नवं असतं, म्हणून तिथे तो बघतो आणि तिथे चुकत नाही. बघा, 'बाई' बरोबर आहे."

"म्हणजे चुकला म्हणून ठेवून घेऊ?" मालकीणबाई म्हणाल्या. "उद्या तो जाड्या सगळे पाव जाळेल आणि सांगेल, मी मुरलोय."

काउंटरवरची मुलगी खुदकन हसली. दादा हसला नाही.

"मला पुन्हा लिहू द्या," तो म्हणाला.

"लिही. माझ्यासमोर."

दादाने सुरीने अक्षरं उचलली. ओट्यावरून चॉकलेट सहज निघतं, मलईवरून निघत नाही. सगळं खरवडल्यावर पांढऱ्यावर तपकिरी ढग राहिला. त्याने त्यावर मलईचा पातळ हात फिरवला. ढग फिका झाला, पण गेला नाही. मग त्याने कोन धरला, केककडे टक लावून पाहिलं आणि 'ब' लिहायला घेतला.

मला ते संथ चित्रणाशिवाय दिसलं. हात सरकला, थबकला, सरकला. एक गोळा, दुसरा गोळा. त्याला आता चुकायचं नव्हतं, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी बघत होता, आणि बघत होता म्हणून हात पहिलीत जाऊन बसला होता. त्याने थांबून ते खरवडलं. श्वास घेतला. त्याची छाती वाजत होती. हे पिठाने नव्हतं.

मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

त्याच्याकडे जाऊन 'बघू नकोस' म्हणावं असं मला वाटलं. पण बघू नकोस म्हटलेलं माणूस आणखी बघतं. मला दुसरं काही सुचेना.

बाईंना सुचलं. त्या स्टुलावरून न उठताच म्हणाल्या, "काय रे, तुझ्या त्या फावड्याचं पुढे काय झालं?"

"बाई, आत्ता नको."

"आत्ताच सांग. मी उद्या नाहीये. मला कळायचं कधी?"

"काय होणार?" दादा कोनाकडे बघत म्हणाला. "तुटलं."

"तुटलं? दांडा?"

"दांडाच! जाड्याने दारात आडवं लावलं, पोती ढकलायला! तुम्ही सांगा, फावडं काय दार अडवायला असतं?"

मी चिठ्ठी उचलली आणि मोठ्याने वाचली. "बाई, पुन्हा या."

"बाई, पुन्हा या," दादा माझ्याकडे न बघता रागातच म्हणाला. "आणि वर मलाच सांगतो, लाकूड जुनं होतं म्हणून. अरे, जुनं होतं म्हणूनच चांगलं होतं! नवीन दांड्याला हात बसायला वर्ष जातं…"

हात चालत होता. 'बाई' गेलं, 'पुन्हा'चा जोड एका वळणात उतरला, 'या'चा काना खाली येऊन थांबला. मग डोक्यावरची रेघ, एका दमात, ढगाच्या वरून. चॉकलेटचा धागा तुटला तिथे जरासं शेपूट राहिलं. ते त्याने बोटाने उचलून चाटलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की सगळे केककडे बघतायत.

मी केक वाचायला पुढे झाले. मालकीणबाईंनी मला हाताने थांबवलं.

"आधी काय वाचायचं असतं?" त्यांनी बाईंना विचारलं.

"केक. मग चिठ्ठी."

मालकीणबाई ओट्यावर वाकल्या. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि अक्षराला अक्षर लावत, पहिलीतल्या मुलीसारखं, मोठ्याने वाचलं. "बाई. पुन्हा. या." मग माझ्या हातातली चिठ्ठी घेतली. ती त्यांनीच लिहिलेली होती, तरी पूर्ण वाचली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. तपकिरी ढगाकडे थोडा वेळ पाहिलं. "हा ढग कसला म्हणून कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"विचारणार कोण? केक माझाय," बाई म्हणाल्या. "ढगाचा तुकडा मी खाणार."

मालकीणबाईंनी चष्मा खाली घेतला. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "तू उद्यापासून याचं वाचायचंस, यांचं वाचायचीस तसंच. गिऱ्हाईक थांबलेलं असलं तरी." मग दादाकडे वळून, "आणि तू. भट्टीकडच्या दाराने आत यायचं नाही. तिकडे कुणाचं फावडं तुटो, नाहीतर हात. मागच्या दाराने यायचं, स्वच्छ कपड्यांत."

"हो," दादा म्हणाला. त्याने टेकायला ओट्याची कड धरली. तिथे त्याचं बोट हलत होतं.

मी बोटाकडे पाहिलं. जुनंच वाक्य होतं. शेवटच्या शब्दापर्यंत आलं, वर रेघ मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.